कमानपाट्याच्या सुरीला पाणी कसं द्यावं

घरी सुरी घडवायला सहज मिळणारं पोलाद म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, त्यामुळे तो लालबुंद तापवून तेलात बुडवला की नीट कडक होतो. यालाच पाणी देणं म्हणतात. बांधकामाची सळई किंवा अँगल कितीही तापवला तरी धार धरण्याइतका कडक होत नाही, त्यावर कोळसा वाया घालवू नका. पाटा घेताना मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाळा. जुन्या पाट्यात तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि त्या तेलात बुडवताच उघड होतात.

खरी अडचण पुढे आहे. सगळे पाटे एका जातीचे नसतात. कडक व्हायला क्रोमियमच्या जातीला साधारण ८४० अंश सेल्सिअस लागतात, सिलिकॉनच्या जातीला ९०० च्या आसपास. पाट्यावरचा शिक्का बहुधा गंजून गेलेला असतो. म्हणून आधी त्याच पाट्याचे, पात्याइतक्या जाडीचे तीन तुकडे कापा. पहिला लोहचुंबकाला चिकटेनासा झाला की लगेच तेलात टाका (हे साधारण ७७० अंशांना होतं). दुसरा त्याहून थोडा उजळ रंग आल्यावर, तिसरा चांगला नारिंगी झाल्यावर. गार झाल्यावर प्रत्येकावर कानस चालवून बघा. कानस घसरली तर तुकडा कडक झाला, चावली तर नाही. मग तुकडा वाइसमध्ये धरून, वर जाड फडकं टाकून हातोडीने तोडा आणि तुटलेलं तोंड बघा. बारीक, मंद राखाडी दिसलं तर उष्णता बरोबर. रवाळ आणि चमकदार दिसलं तर जास्त झाली. अशा पोलादाची धार कितीही लावली तरी तिचे टवके उडतात. चुंबक फक्त किमान उष्णता सांगतो. नवशिक्याचं पातं बहुतेकदा कमी तापून नाही, जास्त तापून बिघडतं.

रंग सावलीतच जोखा. उन्हात नारिंगी पातंही काळपट लाल दिसतं. तुकडे ज्या उजेडात तपासले, पातंही त्याच उजेडात तापवा.

मुठीच्या रिव्हेटची भोकं आधीच पाडून घ्या, नंतर ड्रिल चालत नाही. धारेकडे निदान १ मिमी जाडी ठेवा. त्याहून पातळ कड भट्टीत जळते किंवा तेलात वाकडी होते. घडाईने पोलादाचा रवा (आतले कण) मोठा झालेला असतो. तो बारीक करायला पातं तीनदा लाल करून स्थिर हवेत काळं पडेपर्यंत गार होऊ द्या, दर वेळी उष्णता थोडी कमी. फरशीवर ठेवू नका, लटकवा.

आता तेल. पाण्यात बुडवलं तर हे पोलाद तडकण्याची शक्यता फार. सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं चार-पाच लिटर तेल, लोखंडी उभ्या डब्यात, ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. गार तेल घट्ट असतं, उष्णता हळू ओढतं. जळकं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर घातक असतो. डब्याचं लोखंडी झाकण आणि वाळूची बादली हाताशी हवी. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नका. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत वापरू नका, त्याची वाफ विषारी असते.

डबा भट्टीला लागून ठेवा. बरोबर ठरलेल्या तुकड्याचा रंग पात्याला आला की ते बाहेर काढा. एक-दोन सेकंदांत ते टोकाकडून सरळ तेलात जायला हवं. आत गेल्यावर कापल्यासारखं पुढे-मागे हलवा. आडवं हलवलं की एक बाजू आधी गार होऊन पातं वाकतं. दहाएक सेकंदांनी काढा. थोडं वाकलेलं असेल तर ते गरम असतानाच जाड हातमोजे घालून सरळ करा. पूर्ण गार झाल्यावर जोर लावला तर ते काचेगत फुटेल.

कानस लावून बघा. वरवर चावली तर लगेच निराश होऊ नका. वरच्या थरातला कार्बन भट्टीत जळालेला असतो. थोडं घासून पुन्हा तपासा.

आता पातं कडक पण ठिसूळ असतं. हाताला सोसेल इतकं गार झालं की ठिसूळपणा कमी करायला त्याच दिवशी ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) टाका. स्वयंपाकाच्या सुरीला २०० अंश, दोन तास, मग पूर्ण गार करून पुन्हा दोन तास. कोयता असेल तर २३० पर्यंत. ओटीजीच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पातं कॉइलपासून लांब, वाळूच्या ताटलीत. घासलेल्या पृष्ठभागावर फिकट पिवळा रंग आला तर ठीक. कड निळी पडली तर ती मऊ झाली, पुन्हा तापवून तेलात घालावी लागेल. ग्राइंडरवर धार काढतानाही हेच होतं, म्हणून दर फेरीला पाण्यात बुडवा.

शेवटी ६ मिमीच्या पितळी कांडीवर धार तिरकी दाबून ओढा. कड वाकून परत सरळ झाली तर काम झालं. टवका उडाला तर ओटीजी १५ अंश वाढवून पुन्हा दोन तास ठेवा. वाकलेलीच राहिली तर पातं पुरेसं कडक झालेलं नाही, पुन्हा भट्टीपासून सुरुवात.