‘स्वतंत्र मजूर पक्ष’ हे नाव कसे आणि कुठे वापरावे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाचे नाव मराठी लेखांत, भाषणांत आणि स्मरणिकांत वारंवार येते. परंतु ते पुष्कळदा अर्धवट, भलत्याच काळाला जोडून किंवा दुसऱ्याच एखाद्या पक्षाशी गल्लत करून वापरलेले आढळते. या कालखंडावर लेख, प्रबंध किंवा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी हे नाव काळजीपूर्वक का आणि कसे वापरावे, यासाठी हे टिपण आहे.

लेखनाचे नियम थोडक्यात सांगता येतात. नावात ‘मजूर’ हा शब्द दीर्घ ‘जू’ने लिहावा, विभक्ती लागते ती ‘पक्ष’ या शेवटच्या शब्दाला, त्यामुळे ‘स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार’ असेच लिहावे, आणि ‘मजुरांचा’, ‘मजुरांनी’ यांतला ह्रस्व ‘जु’ नावात आणू नये. ‘इंडिपेंडंट लेबर पार्टी’ असे पक्षाचे इंग्रजी नाव लिहायचे असल्यास क्रियापद स्त्रीलिंगी ठेवावे. एकाच परिच्छेदात ‘पक्ष स्थापन झाला’ आणि ‘पार्टी विजयी झाली’ असे मिश्रण वाचकाला दोन संघटनांचा भास करून देते, म्हणून एक रूप निवडून ते शेवटपर्यंत पाळावे.

अर्थाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘मजूर’ या शब्दात अस्पृश्य वर्गाचाही समावेश होतो, म्हणून तो शब्द निवडला, असे आंबेडकरांनी स्वतः स्पष्ट केले होते. पक्षाच्या कार्यक्रमात गिरण्यांतील कामगार होते, तसेच भूमिहीन शेतमजूर, कुळे आणि लहान शेतकरीही होते. तांत्रिक शिक्षण आणि शेतकऱ्यांसाठी भूतारण बँका (जमीन तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँका) यांसारख्या मागण्या त्यात होत्या. आज आपण ‘मजूर’ म्हणजे रोजंदारीवर राबणारा आणि ‘कामगार’ म्हणजे कारखान्यातला, असा फरक सहज करतो. तो फरक या नावावर लादू नये, आणि म्हणूनच ‘स्वतंत्र कामगार पक्ष’ असे रूप टाळावे. गिरणीइतकेच शेत या पक्षाच्या नजरेसमोर होते, हे ‘कामगार’ या शब्दाने झाकले जाते.

याचा पुरावा पक्षाच्या कामात मिळतो. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला, सारा वसूल करणारा मध्यस्थ होता आणि त्याच्या वसुलीखाली रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांकडची कुळे पिचून गेली होती. या कुळांत महार होते, तसेच कुणबी आणि आगरीही होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या त्या विधेयकाला विरोध करताना स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले होते.

‘स्वतंत्र’ या शब्दाचाही अर्थ नीट समजून घ्यावा. येथे तो ‘अपक्ष’ या अर्थाने आलेला नाही. १९३७ च्या निवडणुकीत या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या सदस्यांना ‘स्वतंत्र उमेदवार’ म्हणणे ही सरळ चूक आहे. काँग्रेसपासून वेगळे आणि आपल्या बळावर चालणारे राजकारण, असा त्याचा आशय मी घेतो. जानेवारी १९३८ मध्ये काँग्रेस सरकारने एका विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हे नाव घालायचे ठरवले, तेव्हा पक्षाच्या सदस्यांनी त्याला विरोध केला आणि अखेर सभात्याग केला. ज्यांनी आपल्यावर लादलेले नाव नाकारण्यासाठी सभागृह सोडले, त्यांच्या पक्षाचे नाव तरी आपण जसेच्या तसे लिहिले पाहिजे.

पक्षाचे वर्णन करताना दोन टोके टाळावीत. ‘दलितांचा पक्ष’ एवढेच लिहिले, तर रत्नागिरीचे शामराव परुळेकर आणि अनंतराव चित्रे, कुलाब्याचे सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण सहकारी आणि खोतीविरुद्ध लढलेली कुणब्यांसारखी कुळे चित्रातून पुसली जातात. उलट ‘डाव्या विचारांचा कामगार पक्ष’ एवढेच लिहिले, तर जातीचा प्रश्न नाहीसा होतो, आणि ते अधिक घातक आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेतले जात नसे, कारण तिथे धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाच्या समजुतीने इतर कामगारांना ते चालत नसे. जास्त मजुरीची कामे अशी जातीमुळे बंद झालेली होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, असा खुलासाही केला. पक्षाच्या नावाचा अर्थ एका वाक्यात द्यायचा असेल, तर हे दोन्ही शत्रू त्या वाक्यात आले पाहिजेत.

काळाची मर्यादा पाळणे तुलनेने सोपे आहे, तरी चुका येथेच सर्वाधिक होतात. हे नाव १९३६ पासून १९४२ पर्यंतच्या घटनांसाठीच वापरावे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाशी ते जोडू नये. त्या काळात आंबेडकरांची बहिष्कृत हितकारिणी सभा ही संस्था काम करत होती. जुलै १९४२ मध्ये नागपूरला ऑल इंडिया शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, आणि १९४६ व १९५२ च्या निवडणुका आंबेडकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेडरेशनच्या नावाने लढवल्या. १९४२ मध्येच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. ‘मजूर मंत्री’ आणि ‘मजूर पक्ष’ या शब्दांच्या साम्यामुळे ती नेमणूक पक्षामार्फत झाली, असे काही जण गृहीत धरतात. तसा संबंध लावू नये.

संक्षेप करताना विशेष सावध राहावे. ‘स्वतंत्र पक्ष’ असे लिहिले की जाणत्या वाचकाच्या डोळ्यांसमोर राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) आणि मिनू मसानी यांचा १९५९ चा पक्ष उभा राहतो, ज्याची आर्थिक भूमिका जवळजवळ उलट होती. नुसते ‘मजूर पक्ष’ लिहिले, तर चाळीसच्या दशकातील मजकुरात तो ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ॲटलींचा मजूर पक्ष ठरतो. ब्रिटनमध्ये १८९३ साली केर हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रॅडफर्डला स्थापन केलेल्या पक्षाचे नावही मराठीत ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ असेच होते. दोघांचा उल्लेख एका लेखात येत असल्यास प्रत्येक वेळी ‘ब्रिटनमधील’ किंवा ‘आंबेडकरांचा’ असे जोडावे. शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, हा केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या परंपरेतला नंतरचा वेगळा पक्ष आहे. मुंबईत १९२७ साली निघालेला आणि कम्युनिस्टांविरुद्धच्या मीरत कट खटल्यात ज्याचे नेते पकडले गेले तो कामगार-शेतकरी पक्षही निराळाच.

व्यक्तींच्या नावापुढे पक्षाचे नाव लावताना घटनेचे वर्ष पाहावे. दादासाहेब गायकवाड १९३७ च्या विधानसभेत या पक्षाचे सदस्य होते. पुढे ते फेडरेशनचे आणि १९५७ नंतर रिपब्लिकन पक्षाचे नेते झाले. शामराव परुळेकर नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यामुळे खोतीविरोधी मोर्चाविषयी लिहिताना त्यांचा उल्लेख स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून करावा, परंतु १९४५ च्या वारली आदिवासींच्या उठावाविषयी लिहिताना गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या दोघांचाही उल्लेख कम्युनिस्ट पक्षाचे आणि किसान सभेचे कार्यकर्ते असाच व्हायला हवा.