सॉडर भावंडांच्या प्रकरणातील तर्क कसे तपासावेत

१९४५ च्या नाताळच्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या फेएटव्हिल गावाजवळ जॉर्ज आणि जेनी सॉडर या इटालियन दांपत्याचे घर जळाले. त्या रात्री घरात नऊ मुले होती. त्यांपैकी चार मुले आईवडिलांबरोबर बाहेर पडली. मॉरिस (१४), मार्था (१२), लुई (९), जेनी (८) आणि बेटी (५) ही पाच मुले पुन्हा कोणाला दिसली नाहीत. राखेत त्यांचे अवशेष सापडले नाहीत, आणि मुले जिवंत आहेत, त्यांना कोणीतरी पळवून नेले आहे, या खात्रीने आईवडिलांनी उरलेले आयुष्य काढले. या प्रकरणावर इतके तर्क रचले गेले आहेत की नव्याने वाचणारा माणूस त्यांच्या गर्दीत हरवतो. त्यातून वाट काढण्याची एक पद्धत येथे देत आहे.

सर्वांत आधी दोन प्रश्न वेगळे करावेत: आग कशी लागली, आणि मुलांचे काय झाले. बहुतेक तर्कांचा घोळ येथेच होतो. आग मुद्दाम लावली होती असे सिद्ध झाले, तरी तेवढ्याने अपहरण सिद्ध होत नाही. जाळपोळ झालेल्या घरातही माणसे मरतात. उलट, आग वायरिंगमधील दोषाने लागली हा चौकशीचा निष्कर्ष खरा मानला, तरी अवशेष का मिळाले नाहीत हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून वहीत दोन स्तंभ आखावेत आणि हाती येणारी प्रत्येक गोष्ट कोणत्या प्रश्नाशी संबंधित आहे, हे ठरवूनच ती लिहावी. छतावर काहीतरी आदळून घरंगळल्याचा आई जेनीने ऐकलेला आवाज, जागेवरून नाहीशी झालेली शिडी, आदल्या दिवसापर्यंत चालणारे पण त्या रात्री सुरू न झालेले ट्रक, या सगळ्या गोष्टी पहिल्या स्तंभात किंवा बचाव का फसला या नोंदीत जातात. दुसऱ्या स्तंभात फारच थोडे उरते, आणि ते पाहून वाचकाला धक्का बसावा अशी माझी अपेक्षा आहे.

यानंतर गूढ वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे साधे स्पष्टीकरण आधीच मिळालेले आहे का, हे पाहावे. रात्री साडेबाराच्या सुमारास आलेला फोन, त्यातील अनोळखी स्त्रीचा आवाज आणि हसणे हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक लेखात रंगवलेला असतो. पण ती स्त्री पुढे सापडली आणि तिने चुकीचा क्रमांक लागल्याचे सांगितले, हे अनेकदा गाळले जाते. टेलिफोनची तार जळालेली नव्हती, तर कापलेली होती, हे खरे आहे. मात्र त्या रात्री आवारातून जड सामान उचलण्याची कप्पी चोरणाऱ्या एका माणसाने विजेची तार समजून ती आपणच कापल्याचे कबूल केले होते. चोराला विजेची तार कापण्याची गरज काय, हा प्रश्न योग्यच आहे आणि तो वहीत राहू द्यावा. परंतु कबुली लपवून तो विचारू नये.

साक्ष वाचताना ती कधी दिली गेली, हे साक्षीइतकेच महत्त्वाचे असते. थोरला मुलगा जॉन याने पहिल्या जबाबात सांगितले की, आपण वर झोपलेल्या भावंडांना हलवून उठवण्याचा प्रयत्न केला. पुढे त्याने सांगितले की, आपण फक्त हाका मारल्या. पहिला जबाब खरा असेल, तर मुले आगीच्या वेळी घरात होती आणि अपहरणाचा तर्क जवळजवळ संपतो. दुसरा खरा असेल, तर आग लागली तेव्हा मुले अंथरुणात होती असे प्रत्यक्ष पाहिलेले कोणीच उरत नाही, कारण ती त्या रात्री आईच्या परवानगीने उशिरापर्यंत जागी राहिली होती आणि फोनसाठी उठलेल्या जेनीने ती वर झोपली असतील असे गृहीत धरले होते. माझ्या मते संपूर्ण प्रकरण या एका फरकावर तोलले जाते. आगीनंतर चार्ल्सटन शहरातील हॉटेलात मुलांना पाहिल्याचा दावा करणाऱ्या स्त्रीची साक्ष याच कसोटीवर घासावी: तिने मुलांची छायाचित्रे पाहिली ती घटनेनंतर काही वर्षांनी.

अस्थींच्या प्रश्नावर मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा. अपहरण मानणाऱ्यांचा मुख्य आधार असा की, दहनगृहातील तीव्र उष्णतेत दोन तास ठेवूनही हाडे शिल्लक राहतात आणि हे घर तर पाऊण तासात कोसळले. आई जेनीने स्वतः प्राण्यांची हाडे जाळून पाहिली होती. ती पूर्णपणे नष्ट झाली नाहीत. हा मुद्दा वजनदार आहे. पण पाऊण तास हा घर कोसळण्याचा वेळ आहे, आग विझण्याचा नव्हे. अग्निशमन दल सकाळी आठच्या सुमारास पोहोचले आणि तोपर्यंत कोसळलेला ढिगारा तळघरात धुमसत होता. त्यानंतरचा शोध वरवरचा होता. पुढे चारच दिवसांत जॉर्जने त्या जागेवर बुलडोझरने सुमारे पाच फूट माती टाकली, कारण तेथे त्याला मुलांचे स्मारक करायचे होते. मुलांच्या शोकात केलेल्या या कृतीने पुरावा गाडला गेला, हे लिहितानाही मन जड होते. तेव्हा ‘हाडे नव्हती’ असे न लिहिता ‘त्या शोधात हाडे सापडली नाहीत’ असे लिहावे.

१९४९ मधील उत्खननात मणक्याची चार हाडे मिळाली. स्मिथसोनियन या अमेरिकेतील संग्रहालय व संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी ती एकाच व्यक्तीची असल्याचे, त्या व्यक्तीचे वय मॉरिसच्या वयापेक्षा अधिक असण्याची शक्यता असल्याचे आणि हाडांना आगीची झळ लागल्याच्या खुणा नसल्याचे सांगितले. ती बहुधा भरावाच्या मातीबरोबर आली असावीत, हा त्यांचा अंदाज होता. म्हणजे ही हाडे मृत्यूचा पुरावा ठरत नाहीत आणि अपहरणाचाही नाहीत. दोन्ही स्तंभांबाहेर त्यांची नोंद करावी.

हेतूचा विचार शेवटी करावा, कारण तो सर्वांत सहज पटतो. जॉर्ज इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्याविरुद्ध उघडपणे बोलत असे. ऑक्टोबर १९४५ मध्ये एका विमा विक्रेत्याने त्या बोलण्याचा उल्लेख करून, घर धुरात जाईल आणि मुले नष्ट होतील अशी धमकी दिल्याचे कुटुंबाने सांगितले, आणि आग अपघाती ठरवणाऱ्या ज्यूरीत, म्हणजे चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळात, हाच माणूस होता. हे अस्वस्थ करणारे आहे आणि चौकशीच्या निःपक्षपातीपणावर संशय घेण्यास पुरेसे आहे. परंतु धमकीत मुलांना नेण्याची नव्हे, मारण्याची भाषा होती. म्हणून हा मुद्दा पहिल्या स्तंभातच बसतो.

१९६७ मध्ये जेनीला केंटकी राज्यातून टपालाने आलेले तरुणाचे छायाचित्र, ज्याच्या मागे लुईचे नाव लिहिलेले होते, ते मात्र दुसऱ्या स्तंभात जाते. पाठवणाऱ्याचे नाव त्यावर नव्हते. आईवडिलांना त्यात आपला मुलगा दिसला. तपासणाऱ्याने चेहऱ्याच्या साम्यावर विसंबू नये आणि ते कोणी, कोठून व कशासाठी पाठवले हे कळेपर्यंत त्यापुढची जागा कोरी ठेवावी.