पुण्यात येऊन डिजिटल मार्केटिंग शिकताना या चुका टाळा

सांगली, लातूर, जळगाव, सोलापूर अशा शहरांतून पदवी घेतलेली अनेक मुले-मुली डिजिटल मार्केटिंग शिकण्यासाठी पुण्यात येतात. मीही सांगलीहून अशीच आले. आता एका लहान जाहिरात संस्थेत ग्राहकांची जाहिरात खाती सांभाळते आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतीही घेते. त्या मुलाखतींतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: मुलांची मेहनत कमी पडत नाही, पण पैसा आणि वेळ चुकीच्या क्रमाने खर्च झालेला असतो. आधी मोठे शुल्क भरले जाते, मग घाईने खोली घेतली जाते, मग प्रमाणपत्रे गोळा होतात आणि खऱ्या व्यवसायाच्या सुरू असलेल्या जाहिरात खात्याला हात लागतो तो सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला, तर पुढच्या बऱ्याच अडचणी निर्माणच होत नाहीत.

शुल्क भरण्यापूर्वी

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ हे शब्द दिसले की सावध व्हावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून, नोकरीची खोटी हमी आणि ‘थोड्याच जागा शिल्लक’ अशी कृत्रिम घाई या दोन्ही गोष्टींना त्यांत मनाई आहे. याहून अधिक नुकसान ‘बिनव्याजी हप्त्यां’मुळे होते. पुष्कळदा हे हप्ते म्हणजे वित्तसंस्थेने विद्यार्थ्याच्या नावावर दिलेले कर्ज असते, त्यामुळे शिकवणी आवडली नाही किंवा मध्येच बंद पडली तरी हप्ते चालूच राहतात आणि ते थकले की पतगुणांकन (क्रेडिट स्कोअर) खालावते. अर्जावर सही करण्याआधी कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव आणि शुल्क परताव्याच्या अटी नीट वाचाव्यात. आधीच अडकला असाल, तर परताव्याची मागणी तोंडी न करता ईमेलने करावी आणि दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

वर्ग निवडताना एक साधी चाचणी उपयोगी पडते. संकेतस्थळावर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या गुगलच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून सर्वसाधारण खात्यांत नवी माहिती घेणे थांबवले. तरीही शिक्षक त्याच पडद्यांची चित्रे दाखवत असतील, तर अभ्यासक्रम जुना आहे असे खुशाल समजावे. गुगल ॲड्सचे प्रमाणपत्र स्किलशॉप या गुगलच्याच प्रशिक्षण संकेतस्थळावर मोफत मिळते आणि ते एक वर्षच ग्राह्य असते, तेव्हा केवळ त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही.

खोली घेताना

काम कोठे मिळणार हे ठरण्यापूर्वी मोठी अनामत रक्कम अडकवू नये. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका खाटेपुरती) जागा घ्यायची आणि इंटर्नशिप हिंजवडीत मिळायची, अशा स्थितीत दिवसाचे कित्येक तास प्रवासात जातात. दुसरे असे की, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अनामत रकमेचा वाद झाला तर हाच कागद कामी येतो.

पैसे जातात, पण फोन येत नाहीत

खरे शिक्षण खऱ्या व्यवसायाचे जाहिरात खाते चालवण्यापासून सुरू होते आणि त्यासाठी पुण्यात मोठा ग्राहक शोधत बसण्याची गरज नसते. गावाकडची बाजारपेठ तुम्हाला ओळखते. तेथील एखादा डॉक्टर, बेदाण्याचा व्यापारी किंवा शिकवणीचालक छोट्या रकमेचे खाते विश्वासाने तुमच्या हाती देऊ शकतो. शहरात आल्यावर या ओळखी मागे टाकणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

सांगलीतील एका फिजिओथेरपी दवाखान्याची सर्च जाहिरात (गुगलवर शोधताना दिसणारी जाहिरात) चालवणाऱ्या एका मुलीने मला विचारले, “ताई, पैसे रोज जातायत, पण फोन एकही नाही. काय पाहू?” आम्ही खाते उघडून क्रमाने तपासले. सर्च मोहिमेत डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर संकेतस्थळांवरही जाहिरात दाखवण्याची, खूण तशीच राहिली होती, त्यामुळे भलत्याच संकेतस्थळांवर क्लिक होत होते. स्थळाच्या पर्यायात त्या ठिकाणी असलेल्या व्यक्तींबरोबर त्या ठिकाणात रस दाखवणाऱ्या व्यक्तीही आपोआप धरल्या जातात, म्हणून सांगलीविषयी काही शोधणाऱ्या दूरच्या माणसालाही जाहिरात दिसत होती. दवाखान्याला अशा माणसाचा काहीच उपयोग नाही, तेथे केवळ प्रत्यक्ष त्या भागात असणाऱ्यांचा पर्याय निवडावा लागतो.

मुख्य गळती मात्र सर्च टर्म्स अहवालात सापडली; लोकांनी नेमके काय शोधल्यावर जाहिरात दिसली, हे त्यात कळते. कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दाखवायची ते शब्द, ब्रॉड मॅचवर (संबंधित शोधांवरही जाहिरात दाखवणाऱ्या पर्यायावर) होते आणि ज्या शोधांवर पैसे गेले होते ते ‘फिजिओथेरपी कॉलेज प्रवेश’, ‘फिजिओथेरपिस्ट पगार’, ‘बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) नोकरी’ असे होते. म्हणजे रुग्णांऐवजी विद्यार्थी आणि नोकरी शोधणारे क्लिक करत होते. कॉलेज, प्रवेश, पगार, नोकरी हे शब्द निगेटिव्ह कीवर्ड (ज्या शोधांवर जाहिरात दाखवायची नाही ते शब्द) म्हणून घालावे लागतात, आणि निगेटिव्ह कीवर्ड समानार्थी शब्द स्वतःहून धरत नसल्यामुळे ते मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही रूपांत द्यावे लागतात. हा अहवाल सुरुवातीला रोज उघडावा. जाहिरात कशी चालते हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काहीही शिकवत नाही. शेवटी पाहिले तर फोनची नोंद घेणारे कन्व्हर्जन ट्रॅकिंगच बसवलेले नव्हते. अशा खात्यात एखादा फोन आला असता, तरी तो कोणत्या शब्दामुळे आला हे कळले नसते.

पैशांबाबत ग्राहकाला आधीच सांगून ठेवावे. गुगल एखाद्या दिवशी ठरलेल्या दैनिक रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते, मात्र महिन्याचा खर्च दैनिक रकमेच्या ३०.४ पटींपुढे आकारत नाही. हे माहीत नसलेला शिकाऊ दुसऱ्याच दिवशी घाबरून मोहीम बंद करतो. शिवाय आगाऊ भरलेल्या रकमेतून १८ टक्के जीएसटी जातो, म्हणजे १,००० रुपये भरले तर सुमारे ८४७ रुपयांचीच जाहिरात होते.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर चूक वेगळी होते. तेथे ॲड सेटला (एकाच प्रेक्षकवर्गासाठी एकत्र ठेवलेल्या जाहिरातींच्या गटाला) स्थिर होण्यासाठी आठवड्यात साधारण ५० निष्पत्ती, म्हणजे संदेश किंवा खरेदीसारख्या अपेक्षित कृती, लागतात आणि मोठा बदल केला की ही मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तरीही अस्वस्थ मुले रोज चित्र, मजकूर, वयोगट बदलत राहतात. रक्कम लहान असेल, तर थेट विक्रीऐवजी व्हॉट्सॲप संदेशासारखी सहज मिळणारी निष्पत्ती निवडून काही दिवस खात्याला हात लावू नये.

संकेतस्थळ गुगलवर अजिबात दिसत नसेल, तर वर्डप्रेसच्या (संकेतस्थळ बनवण्याच्या साधनाच्या) रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करणारी खूण राहिली आहे का, हे आधी पाहावे आणि मग सर्च कन्सोल या गुगलच्या साधनात पानाची तपासणी करावी.

खाते कोणाच्या नावावर

ग्राहकाचे जाहिरात खाते स्वतःच्या जीमेलवर उघडू नये आणि त्याचा पासवर्डही मागू नये. खाते मालकाच्या नावाने उघडून स्वतःला वापरकर्ता म्हणून जोडून घ्यावे, म्हणजे काम सोडताना वाद होत नाहीत. मुलाखतीला येताना मालकाच्या परवानगीने याच खात्याचे एक पान बनवून आणावे: किती खर्च झाला, कोणते शोध थांबवले, एका चौकशीचा खर्च आधी किती होता व नंतर किती झाला, आणि कोणता प्रयोग फसला. रुग्णांची नावे आणि फोन क्रमांक त्यातून काढून टाकावेत. माझ्यासमोर असे पान आले की मी प्रमाणपत्रांची फाइल बाजूला ठेवते आणि त्या पानावरच प्रश्न विचारते.