अंगावर राहणारं आधी तपासा: रोजच्या वापरातली रसायनं कमी कशी करायची

सुरुवात साबणापासून करू नका. साबण, शाम्पू मिनिट-दोन मिनिटांत पाण्याबरोबर निघून जातात. घरातल्या सगळ्या डब्या-बाटल्या एका ठिकाणी काढा आणि दोन वाटण्या करा: धुऊन जाणाऱ्या आणि अंगावर राहणाऱ्या. रात्रभर चेहऱ्यावर असणारं क्रीम, काजळ, जेवता-बोलता पोटात जाणारी लिपस्टिक, हे सगळं दुसऱ्या वाटणीत येतं. आधी तीच तपासायची.

त्यातही पहिलं गोरं करणारं क्रीम. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून रंग झपाट्याने उजळतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. 2023 साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात आणि आपल्याकडे अकोल्यात अशी क्रीम लावणाऱ्यांना मूत्रपिंडाचे विकार झाल्याचं समोर आलं. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही; नकळत आलेलाही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर ‘मर्क्युरी’ (पारा), ‘कॅलोमेल’ (पाऱ्याचं संयुग) असं काही दिसलं तर ती बाद. बहुतेकदा मात्र ते छापलेलंच नसतं. म्हणून उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघा. परदेशी मालावर नोंदणी क्रमांक हवा. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लावू नये’ अशी सूचना दिसली तर पाऱ्याचा दाट संशय घ्या. क्रीम लावत असताना पाय सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा. लग्न ठरलेल्या मुलीच्या हातात असली डबी देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. रोजची सवय झाली असेल तर थांबवायचं कसं, हेही त्यांनाच विचारा.

मग मेंदी. खऱ्या मेंदीची पूड हिरवट असते आणि रंग केशरी-लाल चढून हळूहळू गडद होतो. थोड्या वेळात काळा रंग देणाऱ्या कोनात बहुधा पीपीडी हे रसायन असतं, हेअर डायमध्ये असतं तेच. काळ्या मेंदीने एकदा फोड आले असतील तर डायही टाळा. बाकीच्यांनी डाय लावण्याआधी दर वेळी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 48 तास वाट बघावी.

उटण्यातली हळदही बघून घ्या. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सुट्ट्या पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांनी कळत नाही. पिवळेपणासाठी घातलं जाणारं लेड क्रोमेट म्हणजे शिसंच. आपल्या सांगलीत दारातच हळदीचे सौदे होतात, तर मार्केट यार्डातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून हळकुंडं घ्या. भडक पिवळी नकोत. स्वच्छ धुवा, खडखडीत वाळवा आणि गिरणीवर समोर उभं राहून दळून आणा.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ नको, सुरमा तर नकोच. त्यात शिसं असू शकतं. आजी ऐकत नसतील तर घरच्या काजळीची तीट कानामागे लावा, म्हणजे त्यांचंही मन राहील. पावडरही सोडून द्या, तिची धूळ बाळाच्या छातीत जाते.

‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका नावाखाली अनेक घटक लपतात, म्हणून घरात दमेकरी असेल तर बिनवासाचं घ्या. पॅराबेनची, म्हणजे प्रसाधन टिकावं म्हणून घालतात त्या रसायनाची, काळजी सगळ्यात शेवटी करा. त्याच्या धास्तीने कोरफडीचा गर बाटलीत भरून महिनाभर वापरलात, तर त्यात बुरशी-जंतू वाढतील. तो त्या दिवसापुरताच काढा.

संशयास्पद क्रीम मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत बांधा, पावती जपा आणि डबीसह अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या.