क्युटिकल प्रोटीन हाती लागत नाही? या चुका टाळा

बोंडअळी किंवा घाटेअळीच्या कवचातले (क्युटिकलचे) प्रोटीन जिवाणूत तयार करू पाहणाऱ्यांची तक्रार ठरलेली: जेलवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) बँड, म्हणजे पट्टा दिसतो, पण कॉलममधून (प्रोटीन शुद्ध करणाऱ्या नळीतून) काही उतरत नाही. दोष कॉलमवर जातो. खरे दुखणे बहुधा आधीचे असते.

सुरुवात अळीपासूनच करा. हरभऱ्यावर सापडलेली प्रत्येक अळी घाटेअळी नसते, आधी ओळख पटवा. क्युटिकलचे बरेच जीन कात टाकण्याच्या आसपासच जोरात चालतात, त्यामुळे जीनची प्रत बनवण्यासाठी आरएनए कधी काढता याला महत्त्व आहे. थेट कवचातूनच प्रोटीन काढायचे असेल तर नुकती कात टाकलेली, मऊ अळी घ्या. कवच कडक झाले की प्रोटीनचे धागे एकमेकांत बांधले जातात, मग प्रोटीन विरघळवणाऱ्या युरियालाही दाद देत नाहीत. क्लोनिंग करताना, म्हणजे जीन जिवाणूत घालताना, सिग्नल पेप्टाइडचा (प्रोटीनला पेशीबाहेर पाठवणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याचा) भाग वगळायला विसरू नका.

मराठवाड्यात सगळ्यात जास्त घात होतो तो तापमानाने. आयपीटीजी (जिवाणूत प्रोटीन बनणे सुरू करणारे रसायन) टाकल्यावर १६ ते १८ अंशांवर रात्रभर ठेवा, असे प्रोटोकॉल सांगतो. पण कूलिंग नसलेला शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारे यंत्र) खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, आणि परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीपार! डिस्प्लेवर १८ टाकून उपयोग नाही, फ्लास्कशेजारी थर्मामीटर ठेवून बघा. उष्णतेत प्रोटीन घाईने बनते, नीट घडी पडत नाही आणि सगळे पेलेटमध्ये (तळाशी बसणाऱ्या न विरघळलेल्या गाळात) जाते. कूलिंगवाला शेकर नसेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका, किंवा पेलेटमधूनच काढायची तयारी ठेवा.

त्यासाठी ८ मोलर युरिया लागतो. तो ताजा बनवा आणि विरघळवताना तापवू नका; त्यातून सायनेट तयार होऊन प्रोटीनच बदलते. डायलिसिसमध्ये (पडद्याच्या पिशवीतून युरिया बाहेर काढताना) युरिया एकदम काढला की पिशवीत पांढरा साका बसतो. टप्प्याटप्प्याने कमी करा.

प्रोटीनला जोडलेली हिस शेपटी (हिस्टिडीनची साखळी) पकडणाऱ्या निकेल कॉलमच्या बफरमध्ये ईडीटीए (धातू पकडणारे रसायन) नको, तो निकेलच ओढून नेतो. कॉलम तपकिरी पडला तर डीटीटीवर (प्रोटीनचे सल्फर-बंध तोडणाऱ्या रसायनावर) संशय घ्या.

बँड अपेक्षेपेक्षा वर दिसला म्हणून नमुना फेकू नका. ही प्रोटीने जेलवर अनेकदा वेगळ्याच जागी धावतात. अँटी-हिस वेस्टर्न (हिस शेपटी ओळखणाऱ्या अँटीबॉडीची चाचणी) करून खात्री करा.

शेवटी तुमचे प्रोटीन कायटिनला (कवचातल्या दुसऱ्या मुख्य घटकाला) चिकटते का पाहा, शेजारी तुलनेसाठी बीएसएची (गाईच्या रक्तातल्या प्रोटीनची) नळी हवीच. बीएसएही तितकेच चिकटले, तर धुण्याच्या बफरमध्ये मीठ वाढवून पुन्हा चाचणी लावा.