आर्किटेक्चरला ॲडमिशन झाली, आता साठ हजारात रेंडर काढणारा लॅपटॉप कसा निवडायचा

दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आय७ घेऊन टाका, पाच वर्षं बघायला नको." नुसतं आय७ लिहिलंय म्हणून घेऊ नका.

आधी सीनियर्सना विचारा की कॉलेजात रेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून खरंखुरं वाटणारं चित्र, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काढतात, कारण सगळं गणित त्यावरच आहे. कोरोना नावाचं सॉफ्टवेअर वापरत असतील तर ते पूर्ण प्रोसेसरवर चालतं, मग ग्राफिक्स कार्डवर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. लुमियन, एनस्केप, ट्विनमोशन, डी५ या मंडळींना मात्र तगडं कार्डच लागतं. व्ही-रे आणि ब्लेंडरमधलं सायकल्स हे रेंडर इंजिन दोन्हीकडे चालतात, पण कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स असेल तर ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये ऑप्टिक्स निवडा, बजेट लॅपटॉपच्या प्रोसेसरपेक्षा बरंच लवकर उरकतं.

प्रोसेसरच्या नावात शेवटचं अक्षर बघा. आय५-१२३५यू मध्ये १० कोअर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग) आणि आय५-१२४५०एच मध्ये ८, त्यामुळे पहिलाच भारी वाटतो, पण त्या दहातले दमदार फक्त २, बाकी ८ छोटे, आणि एच वाल्यात दमदार ४, शिवाय बेस पॉवर १५ ऐवजी ४५ वॉट, म्हणजे लांबलचक रेंडरला तोच टिकतो. एएमडीची वेगळीच गंमत. रायझन ७००० मध्ये तिसरा आकडा आतलं डिझाइन किती जुनं ते सांगतो, ७५२०यू म्हणजे झेन २ हे जुनं डिझाइन आणि ४ कोअर, ७५३५एचएस म्हणजे झेन ३ प्लस आणि ६ कोअर. स्टिकर दोघांवरही रायझन ५ चाच, आता बोला!

कार्डाचं नाव सारखं म्हणजे स्पीड सारखा असंही नाही. त्याच आरटीएक्स ४०५० ला कुठली कंपनी ३५ वॉट देते तर कुठली ११५, आणि हे बॉक्सवर बहुतेक वेळा नसतंच. डेमो पीस चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर बघून घ्या, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आरटीएक्स ३०५० घ्यायचं असेल तर कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी ऐवजी ६ जीबी असलेलं शोधा, सीनमध्ये चार झाडं, दोन गाड्या आणि मोठी टेक्श्चर्स (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) आली की ४ जीबी भरायला वेळ लागत नाही.

तिथेच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. "स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २" दिसलं तर उत्तम, आत्ता ८ जीबी घेऊन नंतर आणखी ८ टाकता येईल. फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" दिसलं तर रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे, मग आधीच १६ घ्या.

स्क्रीन किती रंग दाखवते ते एनटीएससी किंवा एसआरजीबीच्या टक्क्यात लिहिलेलं असतं. ४५ टक्के एनटीएससी असेल तर रंग फिके दिसणार आणि शीट प्रिंट करून आणली की भलतंच काहीतरी, त्यामुळे १०० टक्के एसआरजीबी मिळाली तर छानच, नाहीतर हॉस्टेलवर साधा आयपीएस पॅनेलचा मॉनिटर नंतर घेता येतो. तडजोड करायचीच झाली तर इथे करा, प्रोसेसर-कार्डात नको.

सॉफ्टवेअरचा खर्च यात धरू नका, ब्लेंडर फुकट आहे आणि ऑटोडेस्क स्टुडंट्सना फुकट देतं. आणि हो, रेंडर लावताना चार्जर लावलेलाच ठेवा, बॅटरीवर कार्डाची पॉवर पार खाली येते.