शेड्युलरचा पॅच वाचायला बसण्याआधी

परवा परसोडीच्या आयटी पार्कबाहेर तर्री-पोहे खाताना टीममधला नवा पोरगा म्हणाला, "दादा, चारच ओळी तर बदलून राहिले ना ते. केकॅलॉक काढून केव्हीकॅलॉक टाकलं. वाचायला किती वेळ लागते?" केकॅलॉक आणि केव्हीकॅलॉक ही दोन्ही कर्नलमध्ये मेमरी मागणारी फंक्शनं. ओळी चारच होत्या, खरं आहे. पण लिनक्स कर्नलमध्ये कोणतं पॅकेट कधी पाठवायचं ते ठरवणाऱ्या पॅकेट शेड्युलरच्या कोडमध्ये मेमरी मागणारी ओळ शेवटी वाचायची असते. ती मेमरी नाही मिळाली तर पुढे काय होतं, ते आधी. म्हणून उद्या बसण्यापूर्वी काय काय मांडून ठेवायचं ते लिहून देतो.

पॅच, म्हणजे हा बदल, नेट ट्रीसाठी (दुरुस्त्यांची) आहे की नेट-नेक्स्टसाठी (पुढच्या आवृत्तीच्या नव्या कामांची) ते बघून घे. दुरुस्ती म्हणत असतील तर फिक्सेस टॅग (कोणत्या जुन्या बदलातली चूक दुरुस्त केली ते सांगणारी ओळ) हवा. हे दोन मिनिटांचं काम. मग डिफ (नुसत्या बदललेल्या ओळी) बाजूला सारून अख्खी फाइल उघड आणि इनिट, चेंज, रीसेट, डिस्ट्रॉय ही चार फंक्शनं शेजारीशेजारी लाव. वहीच्या पानावर दोन रकाने आख: मेमरी कोण मागतं आणि कोण सोडतं. मला स्क्रीनवर हे जमत नाही, वहीच लागते.

आता खरी गोम. क्यूडिस्क (पॅकेटांची रांग सांभाळणारा एकेक शेड्युलर) तयार होताना त्याचं इनिट फसलं, तरी कर्नल त्याच क्यूडिस्कचं डिस्ट्रॉय बोलावतो. बाकीच्या कर्नलमध्ये 'ज्याने मागितलं त्यानेच फसल्यावर आवरायचं' अशी सवय असते, आणि त्या सवयीने इथे घात होतो. इनिटने मागितलेलं टेबल सोडलं पण पॉइंटर (त्या मेमरीचा पत्ता) तसाच ठेवला, की डिस्ट्रॉय तेच टेबल पुन्हा सोडतं. मी स्वतः एकदा असा पॅच 'ठीक आहे' म्हणून पुढे ढकलला होता. आमच्याच एका घरगुती मॉड्युलचा. चाचणीच्या मशीनला कधी मेमरी कमी पडली नाही, त्यामुळे महिनाभर कुणालाच काही दिसलं नाही. नीट कसं करतात ते एफक्यू-कोडेल या क्यूडिस्कमध्ये बघ. आधी फ्लोंचं (पॅकेटांच्या वेगवेगळ्या प्रवाहांचं) टेबल मागतात, मग बॅकलॉगचं (प्रत्येक फ्लोत किती साठलंय त्याचं). दुसरं मिळालं नाही तर पहिलं केव्हीफ्रीने सोडतात, लगेच पॉइंटर नल (रिकामा) करतात आणि फ्लोंची संख्याही शून्यावर आणतात, म्हणजे त्या आकड्यावर विसंबून कुणी लूप फिरवला तरी तो मोकळ्या जागेत शिरत नाही. हा तुकडा छापून वहीत चिकटवून ठेव, चेष्टा नाही.

आकाराचा हिशेब हाताने कर. एफक्यू-कोडेलमध्ये डीफॉल्ट १०२४ फ्लो, एका फ्लोचं स्ट्रक्चर ६४ बाइटांत बसवलेलं, म्हणजे टेबल ६४ केबीचं. पण टीसी (क्यूडिस्क लावायची कमांड) चालवणारा माणूस फ्लो ६५,५३६ पर्यंत नेऊ शकतो. मग तेच टेबल ४ एमबी होतं, आणि बरेच दिवस चालू असलेल्या मशीनवर इतकी सलग मेमरी मिळेलच असं नाही. केव्हीकॅलॉक असतं ते यासाठी: सलग नाही मिळाली तर व्हीमॅलॉककडे (विखुरलेली पानं जोडून देणाऱ्या फंक्शनकडे) जातं. मग सोडतानाही केव्हीफ्रीच पाहिजे. फाइलभर केफ्री (केकॅलॉकच्या जोडीचं, सोडणारं फंक्शन) शोध. एखादं जुनं कोपऱ्यात राहून जातंच. आकडा बाहेरून येतो तिथे कमाल मर्यादा तपासली आहे का आणि गुणाकार ओव्हरफ्लो सांभाळणाऱ्या फंक्शननेच केलाय का, हेही बघ. शून्य करून घेणारं काढून साधं मॅलॉक टाकलं असेल तर कारण विचार, कारण न पुसलेली मेमरी डंपमधून (कर्नल वापरणाऱ्याला देतो त्या माहितीतून) बाहेर जाऊ शकते.

मग झोपेचा प्रश्न, म्हणजे मेमरी मिळेपर्यंत थांबता येईल का. आरटीएनएल (नेटवर्क सेटिंगचं मोठं लॉक) म्युटेक्स आहे, तो धरून जीएफपी-कर्नलने, म्हणजे गरज पडली तर थांबून, मागितलं तर हरकत नाही. ट्री-लॉक (क्यूडिस्कच्या रांगांचं लॉक) मात्र स्पिनलॉक. तो धरून झोपायचं नाही. चोक या दुसऱ्या क्यूडिस्कचं चेंज फंक्शन याचा चांगला धडा आहे: नवं टेबल लॉकच्या बाहेर मागायचं, लॉक घेऊन पॅकेटं हलवून टेबल बदलायचं, लॉक सोडायचा आणि त्यानंतर जुनं मोकळं करायचं. पॅचमध्ये हा क्रम इकडचा तिकडे झाला असेल तर तिथेच थांब. पॅकेट येतानाच्या वाटेवर थांबता येत नाही, तिथे तर जीएफपी-अ‍ॅटॉमिकच. एफक्यू या क्यूडिस्कमध्ये तिथे फ्लो मिळाला नाही तर पॅकेट अंतर्गत फ्लोत टाकतात आणि चुकांचा एक आकडा वाढवतात. असा दुसरा मार्ग ठेवलाय का, हे विचारायला लाजू नकोस.

मशीन आज रात्रीच तयार ठेव. उद्या दुपारी ४५ डिग्रीत लाइट गेली की इन्व्हर्टरवर कूलर चालवायचा की कर्नल बिल्ड, असला प्रश्न नको. व्हर्च्युअल मशीनमध्ये कासान (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं), लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं), अ‍ॅटॉमिक-स्लीपची तपासणी, केमेमलीक (सोडायची राहिलेली मेमरी शोधणारं) आणि फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम मेमरी नाकारणारं) चालू करून कर्नल बांध. फेल-एन्थमध्ये (कितवी मागणी नाकारायची ते सांगायच्या जागी) आकडा एकेकाने वाढवत टीसी चालव. पहिले बरेच आकडे कमांड सुरू होण्यातच खर्ची पडतात, घाबरू नको. एक फसवणूक लक्षात ठेव. ६४ केबीचं टेबल केमॅलॉकला नाकारलं तरी व्हीमॅलॉक ते देऊन टाकतं, आणि चाचणी पास झाल्यासारखी दिसते. बॅकलॉगचं टेबल मात्र बरोबर ४ केबीचं, एका पानात मावणारं, त्याला ती पळवाट नाही. मोठ्या टेबलासाठी कोडमध्ये हाताने तात्पुरतं नल टाकून बघ.

टीडीसीच्या (टीसीसाठी कर्नलसोबत येणाऱ्या) चाचण्याही चालव, पण त्या बहुतेक सरळ वाटेच्या आहेत. शेवटी क्यूडिस्क लावणं-काढणं लूपमध्ये टाकून केमेमलीक रात्रभर चालू दे, आणि सकाळी स्कॅन दोनदा कर. पहिल्या स्कॅनमध्ये खोटी नावं येतात.